विहिरीच्या दगडात गोगलगायी: जीवाश्म शोधायला आणि ओळखायला सुरुवात कशी करावी?

संत्राबाग · ११ मे

नमस्कार. इथे भूगर्भशास्त्र शिकलेले काही सभासद आहेत हे आठवलं, म्हणून विचारते.

सुट्टीत सासरी गेलो होतो. पांढरकवड्याच्या अलीकडे आमचं गाव. भासऱ्यांनी यंदा नवीन विहीर खणली, तिच्यातून निघालेला दगड धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टाकून ठेवलाय. माझा मुलगा (वय १०) उन्हातान्हाचा त्याच ढिगावर. तिसऱ्या दिवशी तो एक चपटा, राखाडी-पांढरा दगड उराशी धरून घरी आला. दगडावर सुपारीएवढ्या गोगलगायी! वेटोळी अगदी स्पष्ट. सात मोजल्या. जाऊबाईंनी पाहिल्याबरोबर "शाळिग्राम असंल, पायदळी नको" म्हणून दगड तुळशीजवळ नेऊन ठेवला.

हे खरंच जीवाश्म आहेत का? कशाचे? आणि मुलाला हा नाद लागलाच आहे तर पुढे काय करायचं, कुठे न्यायचं, कोणाला दाखवायचं? दोन फोटो जोडलेत.

मुक्कामपोस्ट · ११ मे

मुलाला शाबासकी द्या. फोटो बघून अंगावर काटा आला. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

कडेपठार · ११ मे

उत्साहावर पाणी घालायचं नाही, पण शंका आहे. आपला महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ, थंड झालेला लाव्हा. उकळत्या लाव्ह्यात गोगलगाय टिकेल कशी? वीस वर्षं सह्याद्रीत भटकतोय, एकदाही जीवाश्म दिसलेला नाही. पाण्याने झिजून दगडावर अशी नक्षी येते.

गारगोटी · १२ मे

संत्राबाग ताई, तुमचा मुलगा नशीबवान आहे. महाविद्यालयात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

कडेपठार, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. कातळात जीवाश्म नसतात. पण तो लाव्हा एका दिवसात आलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहायला लागला. एक थर आला, थंड झाला. मग कधीकधी हजारो वर्षं काहीच नाही. त्या मधल्या काळात थंड झालेल्या कातळाच्या खोलगट जागांत पाणी साचलं, तळी झाली. तळ्यात शेवाळ, मासे, गोगलगायी, काठाला ताडामाडाची झाडं. तळाशी गाळ साचत गेला. मग पुन्हा लाव्हा आला आणि ते सगळं झाकलं गेलं. दोन पोळ्यांमध्ये पुरण दडपावं तसा तो गाळ दोन कातळांमध्ये अडकला. ह्यालाच आम्ही इंटरट्रॅपियन थर म्हणतो. लाव्ह्यातली सिलिका पाण्याबरोबर त्या गाळात मुरली, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याचा चकमकीसारखा कडक दगड झाला. त्याला चर्ट म्हणतात.

हे थर सगळीकडे नाहीत. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये क्वचित, पण लाव्ह्याच्या पठाराच्या कडेकडेने, म्हणजे नागपूर, वर्धा, यवतमाळ, छिंदवाडा ह्या पट्ट्यात भरपूर. नागपूरची टाकळी तर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. १८५०च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर ह्या दोन मिशनऱ्यांनी तिथून गोगलगायी, फळं, बिया, लाकूड गोळा केलं होतं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

तुमच्या फोटोतल्या गोगलगायी फायसा जातीच्या वाटतात (नवीन नाव प्लॅटिफायसा). पण फोटोवरून शिक्कामोर्तब करणार नाही. दोन गोष्टी हव्यात.

पहिली: विहीर खणणाऱ्यांना विचारा, हा दगड किती खोलीवर लागला? वर काय होतं, खाली काय होतं? काळी माती, मुरूम, काळा कातळ, मग हा पांढुरका थर, आणि खाली पुन्हा काळा कातळ, असं असेल तर विषयच मिटला.

दुसरी: गोगलगायीचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड डाव्या हाताला येतं की उजव्या? फायसा डावखुरी असते. तिचं तोंड डावीकडे उघडतं. तळ्यातल्या बाकीच्या बहुतेक गोगलगायी, लिम्निया किंवा व्हिव्हिपॅरस, उजव्या.

कडेपठार · १२ मे

गारगोटी सर, मनापासून धन्यवाद. दोन पोळ्यांमधलं पुरण कायम लक्षात राहील. माझं विधान मागे घेतो.

एक विचारू? जुन्नरच्या बाजूला रस्त्याच्या कापात मोठे मोठे गोल दगड दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तिथे "डायनासोरची अंडी" असा फोटो टाकला होता.

गारगोटी · १२ मे

अंडी नाहीत. कातळाला भेगा असतात, त्यात पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात, आत गोळा शिल्लक राहतो. कांद्यासारखी झीज म्हणतात ती हीच. आपल्याकडे मिळणारं डायनासोरचं खरं अंडं फुटबॉलपेक्षा मोठं नसतं, आणि त्याच्या कवचावर भिंगातून पुटकुळ्या आणि बारीक छिद्रं दिसतात. नवशिक्याला सगळ्यात जास्त चकवतं ते हे, आणि दुसरं म्हणजे मँगनीजचं नेचं.

तांबडीमाती · १२ मे

मँगनीजचं नेचं म्हणजे फरशीवर काळ्या रंगाची नाजूक पानं काढल्यासारखं दिसतं, तेच का? आमच्या ओट्याच्या दगडावर आहे. आई गेली पंधरा वर्षं पाहुण्यांना "हे करोडो वर्षांपूर्वीचं झाड" म्हणून दाखवते.

गारगोटी · १२ मे

तेच. भेगेतून मँगनीजचं पाणी झिरपून तसं साकळतं. ओळखायची खूण म्हणजे पानाला मधली शीर नसते आणि फांद्या नेमक्या भेगेच्या कडेपासूनच फुटतात. आईंना सांगा, झाड नसलं तरी ते निसर्गानेच काढलेलं चित्र आहे. दाखवत राहावं.

दर्याकिनारी · १३ मे

मुंबईकरांनी नाराज होऊ नये, आपल्याकडेही पुरण आहे! वरळीच्या टेकडीत दोन लाव्ह्यांच्या मध्ये काळ्या पापुद्र्यांचा गाळ सापडला होता, आणि त्यात बेडकांचे सांगाडे. एवढेसे, अंगठ्याच्या पेराएवढे. रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आज त्यांना इंडोबॅट्राकस म्हणतात. त्याच थरांत कासवंही सापडली. आता त्या टेकडीवर इमारती आहेत, पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी वरळी नाक्यावर सिग्नलला थांबले की मला तळ्याकाठचे ते बेडूक आठवतात. कोणी तिथे पाया खणताना काळा पापुद्र्याचा दगड पाहिला असेल तर जरूर लिहा.

माजघर · १३ मे

जाऊबाईंच्या शाळिग्रामाबद्दल. त्यांनी श्रद्धेने ठेवला ते छानच, पण शाळिग्राम वेगळा ना? आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळचा आहे. काळाभोर, गुळगुळीत, आणि एका ठिकाणी फुटलाय तिथे आत चक्र दिसतं.

गारगोटी · १३ मे

माजघर ताई, तुमचा शाळिग्राम अस्सल जीवाश्म आहे. नेपाळातल्या गंडकी नदीत मिळतो. आतलं चक्र म्हणजे अमोनाइट, समुद्रातला प्राणी, माकूळ आणि नळ ह्यांचा दूरचा भाऊबंद. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्याच्या तळच्या चिखलात तो गाडला गेला. डायनासोर संपले तेव्हाच अमोनाइटही संपले. म्हणजे मराठी घरांतल्या देव्हाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या जुरासिक समुद्र पूजेला आहे. तुळशीचं लग्न लावताना हे मुलांना जरूर सांगा.

संत्राबाग ताईंचा दगड गोड्या पाण्यातला, तोही फक्त चिखल आणि चकमक. शाळिग्राम नाही, पण वय काही कमी नाही.

शंखनाद · १३ मे

एक शंका. डावी-उजवी गोगलगाय म्हणजे वामावर्ती आणि दक्षिणावर्ती शंखासारखंच ना? मग फायसा वामावर्ती झाली.

गारगोटी · १३ मे

इथेच घोटाळा होतो. पूजेत आपण शंखाची निमुळती पन्हळ वर धरतो, म्हणजे वेटोळ्याचं टोक खाली जातं. शास्त्रात टोक वर धरतात. शंख उलटा केला की डावं-उजवं बदलतं. आपला नेहमीचा शंख शास्त्रात उजवा, पण पूजेत वामावर्ती. आणि लाखात एखादा मिळणारा दक्षिणावर्ती शंख शास्त्राच्या हिशेबाने डावा! म्हणजे पूजेच्या भाषेत फायसा दक्षिणावर्तीच ठरते.

शंखनाद · १३ मे

अहो, मग संत्राबाग ताईंच्या धुऱ्यावर दक्षिणावर्तीचा ढीगच पडलाय. जाऊबाईंना सांगा, तुळशीजवळची जागा अगदी योग्य निवडली.

पाचगाव_फाटा · १४ मे

बाप्पा, काय माहिती निघाली! मी टाकळीतच लहानाचा मोठा झालो. आमच्या घराच्या मागं नाल्यात असे दगड होते, आम्ही ठिणग्या पाडायला वापरायचो. कोणाले काय मालूम ते काय होतं! आता तिथं सगळी वस्ती झाली. माझ्या आईकडे पाटा-वरवंट्याजवळ एक दगड अजून आहे, सुट्टीत घरी गेलो का बघतो.

कोळसापट्टा · १४ मे

वडील वणी भागातल्या कोळसा खाणीत कामाला होते. मी आठवीत असताना त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक काळपट पाटी आणली. पाटीवर पान. जिभेसारखं लांबट, मधोमध जाड शीर आणि बाजूच्या शिरांची बारीक जाळी. बाबा म्हणाले, "कोळसा ह्याच झाडांचा झालाय." मी ती पाटी शाळेत नेली. आमच्या सरांनी फळ्यावर नाव लिहिलं: ग्लॉसॉप्टेरिस. ग्लॉसा म्हणजे जीभ.

हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकावरही सापडतं. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते त्याचा तो एक मोठा पुरावा, आणि त्या महाखंडाचं नाव गोंडवाना, आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून. कॅप्टन स्कॉट १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना साथीदारांसह गेला, तेव्हा त्यांच्या मुक्कामापाशी सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांतही हे पान होतं. उपासमारीत, बर्फात, त्यांनी ते दगड टाकून दिले नव्हते. ही गोष्ट बाबांना मी त्यांच्या शेवटच्या आजारपणात वाचून दाखवली होती. पाटी अजून माझ्याकडे आहे. पण कोणत्या खाणीतली, किती खोलीवरची, हे बाबांना विचारून लिहून ठेवायचं राहून गेलं. त्याची हळहळ आजही वाटते.

कृपया कोणी खाणीच्या ढिगाऱ्यांवर चढू नका. आत जायला परवानगी नसतेच, आणि ते ढिगारे पावसात खचतात.

मुक्कामपोस्ट · १४ मे

कोळसापट्टा, शेवटचं वाचून गलबलून आलं.

रानवाटा · १४ मे

चंद्रपूरचा विषय निघालाच आहे तर पिसदुरा राहायला नको. वरोऱ्याजवळचं गाव. तिथल्या लाल मातीत डायनासोरची हाडं आणि त्यांचं दगड झालेलं शेण मिळतं. २००५ साली भारतीय आणि परदेशी अभ्यासकांनी त्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं दाखवलं. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत नव्हतं असंच मानत होते. आपल्या चंद्रपूरच्या शेणाने ते मत बदललं! त्याच जिल्ह्यात डोंगरगावला सापडलेल्या लांब मानेच्या डायनासोरला आयसिसॉरस नाव मिळालं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून.

माझ्या भाच्याने शाळेत "माझी आवडती वस्तू" म्हणून पिसदुऱ्याचा फोटो दाखवला. बाईंनी विचारलं हे काय, तर तो मोठ्याने म्हणाला, "सहा कोटी वर्षांपूर्वीची शी." वर्ग पाच मिनिटं शांत झाला नाही.

गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तेही मुलांना दाखवण्यासारखं. दगड झालेली मोठाली खोडं आहेत.

प्रवरासंगम · १५ मे

आमच्याकडे नेवाशाच्या बाजूला गोदावरी-प्रवरेच्या काठाला दरडी कोसळतात, तेव्हा वाळू-गोट्यांच्या थरातून कधीकधी हाडं निघतात. आजी म्हणायची, "राक्षसाची हाडं, हात लावू नको." माझ्या लहानपणी एकाने मांडीएवढं हाड घरी आणलं, तर त्याच्या आईने रातोरात नदीत सोडायला लावलं. पुढे कळलं, ती फार पुरातन नाहीत, हजारो ते लाखो वर्षांपूर्वीची. हत्ती, रानगवे, पाणघोडे. आजच्यापेक्षा मोठा हत्ती आपल्या गोदाकाठी फिरत होता! पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ह्यावर फार काम केलंय.

गारगोटी सर, हाड आहे की नुसता दगड हे कसं ओळखायचं?

गारगोटी · १५ मे

तुटलेल्या कडेला भिंग लावा. बाहेरून घट्ट थर आणि आत पावासारखी जाळी दिसली तर हाड. दाताला चकाकणारं कवच असतं, ते सहसा शाबूत राहतं. जुने लोक जीभ लावून बघायचे, सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं. पण सुकी चिकणमातीही चिकटते, आणि मुलांना हे करू देऊ नका. गोदाकाठच्या मातीत चुनखडीचे हाडासारखे लांबोडके खडे फार असतात, मुळांभोवती चुना साकळून झालेले. त्यांना ना घट्ट कवच असतं ना जाळी.

हाड मिळालं तर धुऊ नका. नदीकाठचं ओलं हाड उन्हात ठेवलं की तडकून भुगा होतो. सावलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, सावकाश वाळू द्यायचं. मोठं असेल तर उचलूच नका, फोटो काढा आणि कळवा.

सह्यकडा · १५ मे

मी थोडं कटू लिहितो. असे धागे वाचून लोक पिशव्या घेऊन निघतात. वर्षभरात ती जागा ओरबाडलेली असते. माझं मत: फोटो काढा, दगड तिथेच ठेवा. संत्राबाग, तुमचा दगडही परत ठेवायला हवा.

पाचगाव_फाटा · १५ मे

परत कुठं ठेवायचा सर? विहिरीत? तो ढीग दोन महिन्यांत गिट्टी होऊन रस्त्यात जाते. मुलानं उचलला म्हणून वाचला.

रानवाटा · १५ मे

दोघांचंही पटतं. मी अशी रेघ मारते: खणलेल्या ढिगातलं, नाल्यात वाहून आलेलं, जे नाहीतर नष्टच होणार आहे ते मालकाला विचारून उचलावं. थरात जागेवर असलेलं उकरू नये. राखीव जंगलातून तर साधा दगडही विनापरवानगी नेता येत नाही, वन कायद्यात दगड-माती वनोपजात मोडते. आणि विकत घेणं-विकणं तर अजिबात नको. ऑनलाइन मिळणारे बरेचसे ट्रायलोबाइट (प्राचीन समुद्रातल्या किड्यासारख्या प्राण्याचे जीवाश्म) रेझिनमध्ये ओतलेले किंवा कोरलेले असतात, आणि जे खरे असतात ते कुठून उपटले ते कोणी सांगत नाही.

सह्यकडा · १६ मे

रानवाटा, ह्या रेघेशी सहमत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांसाठी विधेयकाचा मसुदा काढला होता. माझं एवढंच म्हणणं, कायद्याची वाट न बघता आपणच जपावं.

ओहायोची_मावशी · १६ मे

इथे कसं चालतं ते सांगते. आमच्या घरापासून तासाभरावर सीझर क्रीक नावाचं उद्यान आहे. धरणाच्या सांडव्यासाठी खडक कापलाय, तो ४४ कोटी वर्षांहून जुना समुद्रतळ. आधी कार्यालयातून फुकट परवाना घ्यायचा. हातोडी, छिन्नी काही न्यायचं नाही. तळहाताहून मोठं काही घरी आणायचं नाही. मुलं रांगत रांगत शिंपले वेचतात आणि वनरक्षक बाई प्रत्येकाचं कौतुक करतात. एकदा एका मुलाला पूर्ण ट्रायलोबाइट मिळाला, तेव्हा अनोळखी माणसंही टाळ्या वाजवत होती. विदर्भात अशी एखादी राखलेली जागा झाली, मुलांसाठी, तर किती बरं होईल. मी तर भारतात आले की तिथे वर्गणी द्यायलाही तयार आहे.

संत्राबाग · १८ मे

सगळ्यांचे किती आभार मानू! भासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, दीड परसावर (एक परस म्हणजे साधारण माणूसभर खोली) काळा दगड लागला, सुरुंग लावावे लागले. अडीच परसावर "हे पांढरं, चिनीमातीसारखं" लागलं, जेमतेम तीन-चार फूट. त्याखाली पुन्हा काळा. पाणी त्या पांढऱ्याच्या बुडालाच लागलं.

दगड चुन्याचा आहे का बघायला त्यावर लिंबू पिळून पाहिलं, फसफसलं नाही. आणि गोगलगायीचं तोंड... उजवीकडे आहे. सातही जणींचं. मुलगा हिरमुसलाय, त्याला फायसा हवी होती.

गारगोटी · १८ मे

खोलीची माहिती सोन्यासारखी! ती आत्ताच्या आत्ता वहीत लिहा. इंटरट्रॅपियनच आहे. फसफसलं नाही म्हणजे दगड चुन्याचा नाही, चर्टच.

तोंड उजवीकडे असेल तर दुसरी जात असू शकते. पण आकार मला अजूनही फायसाचाच दिसतो. फुगीर पोट, आखूड टोक. मुलाला सांगा, डोळे मिटून गोगलगायीवरून बोट फिरव. बोट वर चढतं की खाली उतरतं? फोटोत उजेड खालून असला की खड्डासुद्धा उंचवट्यासारखा दिसतो. खड्डा असेल तर तो गोगलगायीचा ठसा आहे, आणि ठशात आरशासारखं डावं-उजवं उलटं होतं. खेळायची क्ले घ्या, थोडी टाल्कम पावडर लावा आणि ठशात दाबून काढा.

तांबडीमाती · १८ मे

आता मलाच झोप लागणार नाही. लवकर कळवा!

वाळूचा_किल्ला · १९ मे

तोवर साहित्याबद्दल कोणी लिहील का? माझ्या मुलीलाही न्यायचं आहे. हातोडी कोणती घेऊ?

रानवाटा · १९ मे

पहिलं वर्षभर हातोडी घेऊच नका, मनापासून सांगते. चर्ट काचेसारखा फुटतो, कपच्या डोळ्यात जातात. दहापट दाखवणारं भिंग घ्या, सराफाकडे असतं तसलं. वही, पेन्सिल, चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, फोटोत माप कळावं म्हणून एक नाणं. दगडाला तिथल्या तिथे क्रमांक द्यायचा आणि वहीत जागा, तारीख, अक्षांश-रेखांश लिहायचे. घरी जाऊन लिहू म्हटलं की विसरायला होतं. वर कोळसापट्टांनी लिहिलंय तसं.

दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली विंचू असला तर तो पलीकडे पळतो. आणि पहिल्या पावसानंतरचे दिवस उत्तम, धूळ धुऊन निघते आणि सगळं उठून दिसतं. फक्त भर पावसात नाल्यात उतरू नका.

पाचगाव_फाटा · १९ मे

नाल्याचं अगदी खरं. ज्या हिस्लॉपसाहेबाचं वर नाव आलं, ते १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यातच बुडून गेले. पंचेचाळीसचे होते.

संत्राबाग · २० मे

खड्डा आहे!!!

बोट खाली उतरलं. चार फोटो पुन्हा पाहिले, प्रत्येकात उंचवटाच दिसतो, इतका फसवा उजेड. पावडर लावून क्ले दाबली, हळूच काढली. टोक वर धरलं, आणि तोंड डावीकडे. पहिली, दुसरी, तिसरी, सातही डाव्या. मुलगा घरभर नाचला, मग आजोबांच्या फोनवर, मग शेजारी. आता त्याच्याकडे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या गोगलगायींच्या सात निळ्या क्लेच्या मूर्ती आहेत.

शंखनाद · २० मे

दक्षिणावर्ती! मी सांगितलं होतं!

कडेपठार · २० मे

धाग्याचं शीर्षक वाचून शंका घेतली होती त्याबद्दल मुलाची माफी मागतो. त्याला सांगा, पुण्याला आला की कान्हे-कामशेतकडे झिओलाइटचे स्फटिक दाखवायला मी नेईन. जीवाश्म नसले तरी आमच्या कातळातही डोळे दिपतील असं काही आहे.

गारगोटी · २० मे

अभिनंदन. प्लॅटिफायसा, माझ्याकडून नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे. नागपूरला विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात किंवा सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी पत्र पाठवून विचारा. पत्रात परसांचा हिशेब जरूर लिहा, तो वाचून ते आधी खुर्चीत सरसावतील आणि मग दगड बघतील. जमलं तर ढिगातला गोगलगायी नसलेला पांढरा दगडही थोडा न्या. डोळ्याला न दिसणारे मासळीचे खवले, शेवाळाची फळं, परागकण त्यातच असतात. आणि मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात घुघुआचं जीवाश्म उद्यान आहे, तिथे त्याच काळातली दगड झालेली ताडाची खोडं उभी-आडवी पडली आहेत. थंडीत न्या मुलाला.

संत्राबाग · २ जुलै

उशिरा लिहितेय. पत्राला उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात दगड घेऊन या म्हणालेत. भासऱ्यांनी गिट्टीवाल्याला थांबवून पांढरा दगड वेगळा रचून ठेवलाय, वर ताडपत्री घातली आहे. पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला, "ढिगात अजून दोन दिसले, मी हात लावला नाही, तुझ्या पोराला म्हणा येऊन क्रमांक टाक." तुळशीजवळचा दगड त्यांनी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. त्या जागी आता मुलाने दिलेली निळी क्लेची गोगलगाय ठेवली आहे.

त्याच्या वहीतली पहिली नोंद इथे उतरवतेय, त्याच्याच शब्दांत:

"क्र. १. मोठ्या बाबांची विहीर. खोली अडीच परस. वर काळा, खाली काळा, मध्ये पांढरा. गोगलगायी ७, सगळ्या डाव्या. ठसा आहे, खरी गोगलगाय दुसऱ्या अर्ध्या दगडात असेल. तो अर्धा अजून सापडला नाही. शोधायचा आहे."